पाखरांचा हिशेबनीस : डॉ. सलीम अली



गेल्या हिवाळ्यात आमच्या विंगमधले सात-आठ जण मिळून आम्ही फणसाड अभयारण्यात गेलो होतो. गेटवर प्रवेशशुल्क भरलं, पावती घेतली आणि आत शिरता शिरताच एकानं सूर लावला. जंगल सरकारचं, झाडं आपोआप वाढलेली, पक्ष्यांना काही पगार द्यावा लागत नाही, मग हे पैसे कसले? सगळे हसले. पण खरं सांगायचं तर त्याला नीट उत्तर कुणालाच देता आलं नाही. सगळे भावी इंजिनीअर, एस्टिमेट आणि कॉस्टिंगचा पेपर दिलेले (काहींनी तर दोनदा दिलेला!), पण जंगलाचं एस्टिमेट कसं करतात याचा कुणाला पत्ता नव्हता.

हॉस्टेलवर परत आल्यावर मी लायब्ररीत डॉ. सलीम अलींबद्दल वाचायला घेतलं. पक्षी म्हटलं की हे नाव येतं, एवढंच तोवर ठाऊक होतं. वाचता वाचता लक्षात आलं की आमच्या मित्रानं हसण्यावारी नेलेला प्रश्न या माणसाला आयुष्यभर पुरला. पाखरांसाठी पैसा कोण देणार? का देणार? आणि मिळालेला पैसा नेमका कशावर खर्च करायचा? विशेष म्हणजे या गोष्टीतलं एक मोठं वळण आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर, अलिबागजवळच्या किहीम गावात आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

एक चिमणी आणि एक प्रश्न

सलीम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईतल्या एका सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. सगळ्या भावंडांत ते धाकटे. ते वर्षाचे असताना वडील मोइझुद्दीन गेले आणि तीन वर्षांचे असताना आई झीनतउन्निसाही गेली. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि मामी हमीदा बेगम यांना मूलबाळ नव्हतं. त्यांनी या पोरक्या भाच्यांना खेतवाडीच्या घरात पोटच्या मुलांसारखं वाढवलं.

मामा शिकारीचे शौकीन होते. त्या काळी शिकार म्हणजे मोठ्या घरचा छंद, त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे. छोट्या सलीमला छऱ्यांची बंदूक मिळाली आणि चिमण्या टिपणं हा त्याचा आवडता खेळ झाला. हो, भारतातल्या सर्वांत मोठ्या पक्षीतज्ज्ञाची सुरुवात पक्षी मारण्यापासून झाली! दहा-बारा वर्षांचा असताना त्यानं पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. ही नेहमीची चिमणी नाही, मग कोणती? मामालाही सांगता येईना. तेव्हा तो पक्षी घेऊन पोरगा थेट बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या, म्हणजे बीएनएचएसच्या ऑफिसात गेला. १८८३ साली सुरू झालेल्या या संस्थेचे तेव्हाचे सचिव होते मिलार्ड साहेब. एका हिंदुस्थानी शाळकरी पोराला त्यांनी हाकलून दिलं नाही. चिमणीची जात सांगितली, पेंढा भरलेल्या पक्ष्यांचे कप्प्यांमागून कप्पे उघडून दाखवले आणि वाचायला पुस्तकं दिली. त्या दिवसापासून त्या पोराची आणि पक्ष्यांची जी गाठ पडली ती कायमची. पुढे त्यांनी आत्मचरित्र लिहिलं, १९८५ साली ते इंग्रजीत आलं, त्याच्या नावातसुद्धा ही चिमणी आहे.

डिग्री नाही!

आता आपल्या जिव्हाळ्याचा विषय. शिक्षण! सलीम अली अभ्यासात काही फार चमकले नाहीत. १९१३ साली कसेबसे मॅट्रिक झाले. सेंट झेवियर्स कॉलेजचं पहिलं वर्ष जड गेलं तेव्हा शिक्षण सोडून ते ब्रह्मदेशात तवॉय इथं घरच्या धंद्यावर गेले. धंदा वुल्फ्रमच्या खाणीचा आणि लाकडाचा. टंगस्टन ज्यापासून मिळतं तेच हे वुल्फ्रम. खाणीभोवती घनदाट जंगल होतं. साहजिकच लक्ष खाणीपेक्षा जंगलाकडे जास्त!

१९१७ साली ते मुंबईला परतले. पोटापाण्यासाठी काहीतरी हवं म्हणून दावर्स कॉलेजात व्यापारी कायदा आणि हिशेबनिशी शिकायला लागले. त्यांची खरी आवड सेंट झेवियर्सच्या फादर ब्लॅटर यांनी ओळखली आणि त्यांना प्राणिशास्त्राकडे वळवलं. दोन्ही शिक्षणं एकाच वेळी चालू होती. हिशेबनिशीचं ते शिक्षण वाया गेलं असं मला तरी वाटत नाही. का ते पुढे कळेलच.

डिसेंबर १९१८ मध्ये त्यांचं तेहमिना यांच्याशी लग्न झालं. पण पक्ष्यांवर पोट भरेल अशी नोकरी काही मिळेना, कारण हातात विद्यापीठाची पदवी नव्हती. त्यांच्या नावाआधी आपण जे डॉक्टर लावतो ते विद्यापीठांनी पुढे मानानं दिलेलं आहे. शेवटी १९२६ साली मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियमच्या नव्या निसर्ग विभागात गाईड लेक्चररची जागा मिळाली, पगार महिना ३५० रुपये. त्या काळात ही रक्कम चांगलीच म्हणायची. येणाऱ्या लोकांना पेंढा भरलेले प्राणी-पक्षी समजावून सांगायचे, हे काम.

दोन वर्षांत त्यांना याचा कंटाळा आला. मेलेले पक्षी दाखवण्यापेक्षा जिवंत पक्षी शिकावेत म्हणून १९२८ मध्ये रजा घेऊन ते जर्मनीला गेले. बर्लिनच्या म्युझियममध्ये प्रोफेसर एर्विन श्ट्रेझेमान यांच्या हाताखाली काम केलं. पक्षी म्हणजे फक्त कातडी आणि चोच नव्हे, तो कसा जगतो, काय खातो, घरटं कुठं करतो हे पाहणं म्हणजे पक्षीशास्त्र, ही दृष्टी त्यांना तिथं मिळाली.

नोकरी गेली, किहीम मिळालं

१९३० मध्ये भारतात परत आले तर नोकरीच उरली नव्हती. पैसे नाहीत म्हणून ती जागाच रद्द झाली होती. चौतिशीला आलेला, जर्मनीत शिकून आलेला, घर-संसार असलेला माणूस एकदम बेकार. प्लेसमेंटच्या सीझनमध्ये हे वाचताना माझ्या पोटात गोळा आला होता.

मुंबईचा खर्च परवडेना म्हणून नवरा-बायको किहीमला एका छोट्या घरात राहायला आले. तेव्हा आपला जिल्हा कुलाबा होता, रायगड हे नाव १९८१ साली आलं. समुद्र, नारळी-पोफळीच्या वाड्या, भातशेती आणि पावसाळ्यात सगळीकडे हिरवंगार. तिथं त्यांच्या नजरेला पडली सुगरणीच्या घरट्यांची एक वसाहत.

इथं एक कबुली देतो. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये आम्ही हा पक्षी इंग्रजी नावानं शिकलो होतो. सुगरण ती हीच, हे मला हॉस्टेलवर आल्यावर रूममेटनं सांगितलं. बहिणाबाईंची सुगरणीच्या खोप्यावरची कविता त्याला तोंडपाठ होती, मी ती पहिल्यांदाच ऐकली. असो.

मराठीत आपण तिला सुगरण म्हणतो, म्हणजे घर बांधणारी मादी असं धरून चालतो. सलीम अली त्या पावसाळ्यात किहीमला लपून बसून तासन् तास घरटी पाहत राहिले, रोजच्या रोज नोंदी करत राहिले आणि त्यांना दिसलं ते उलटंच! घरटं विणतो तो नर. अर्धं विणून झालं की मादी येते, आत जाऊन पाहणी करते. अगदी साइटवर क्वालिटी इन्स्पेक्शनला यावं तशी. पसंत नसेल तर निघून जाते. पसंत पडलं तर ती तिथं राहते, मग नर उरलेलं काम पुरं करतो, खाली येण्या-जाण्याची नळी विणतो. मादी अंडी घालून ती एकटीच उबवते आणि हे महाशय शेजारी दुसरं घरटं विणायला घेतात, दुसऱ्या मादीसाठी. सुगरणीच्या संसाराची ही रीत इतक्या बारकाईनं त्याआधी कुणी मांडली नव्हती. १९३१ साली हा अभ्यास बीएनएचएसच्या नियतकालिकात छापून आला आणि त्यांचं नाव झालं.

विचार करा, या संशोधनाचा खर्च किती? वही, पेन्सिल, दुर्बीण आणि एक पावसाळा. कुणाचं अनुदान नाही, कसली ग्रँट नाही. नोकरी असती तर कदाचित हे झालंच नसतं. मला वाटतं, पाखरांच्या बाबतीत पहिला खर्च पैशांचा नसतो, बघण्याचा असतो, हा धडा त्यांना किहीमनं दिला.

खर्च राजांचा, नोंदी पाखरांच्या

पण वही-पेन्सिलवर एका गावचा अभ्यास होतो, देशाचा होत नाही. कुठल्या जंगलात कोणते पक्षी आहेत हेच ठाऊक नसेल तर वाचवायचं काय? त्यासाठी प्रवास, तंबू, बैलगाड्या, माणसं लागणार. पैसा कुठून आणायचा?

इथं त्यांच्यातला हिशेबनीस कामाला आला. त्यांनी संस्थानिकांपुढे साधा सरळ प्रस्ताव ठेवला. मला फी नको. तुमच्या संस्थानातल्या पक्ष्यांची पाहणी मी करून देतो, तुम्ही फक्त मुक्कामाचा आणि प्रवासाचा खर्च उचला. संस्थानिकांना हा सौदा स्वस्त होता. १९३१-३२ मध्ये हैदराबाद, १९३३ मध्ये त्रावणकोर आणि कोचीन, पुढे ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ, म्हैसूर, कच्छ अशा एकामागून एक पाहण्या झाल्या. कच्छच्या महारावांच्या आश्रयानं केलेल्या कामातून १९४५ साली तिथल्या पक्ष्यांवरचं पुस्तक निघालं. त्या रणात रोहित पक्ष्यांची प्रचंड वसाहत होती, तीही त्यांनी जाऊन पाहिली.

गंमत बघा. हेच संस्थानिक त्या काळचे नामांकित शिकारी होते. त्यांनी जंगलं राखली ती शिकारीसाठी. आणि त्यांच्याच पैशातून पक्ष्यांची मोजदाद करून घेतली ती लहानपणी चिमण्या मारणाऱ्या एका माणसानं.

या सगळ्या भटकंतीत तेहमिना त्यांच्याबरोबर असायच्या. तंबूतला संसार, अपुरी मिळकत, सतत फिरती, पण त्यांनी कधी कुरकुर केली नाही असं सगळे सांगतात. १९३९ साली एका साध्या शस्त्रक्रियेनंतर रक्तात विष पसरून त्या गेल्या. सलीम अली खचले. बहीण कमू आणि मेहुणे हसन यांनी त्यांना मुंबईत पाली हिलच्या आपल्या घरी नेलं. त्यांनी पुन्हा लग्न केलं नाही. पुढची सगळी वर्षं त्यांनी कामात बुडवून घेतली.

१९४१ मध्ये सामान्य माणसासाठी लिहिलेलं त्यांचं भारतीय पक्ष्यांवरचं सचित्र पुस्तक आलं. ते इतकं गाजलं की आजही नव्या पक्षीनिरीक्षकाच्या हातात बहुतेक तेच पुस्तक असतं. पुढे अमेरिकेच्या डिलन रिप्ली यांच्याबरोबर त्यांनी भारत आणि पाकिस्तानातल्या पक्ष्यांचा दहा खंडांचा ग्रंथ तयार केला, तो १९६८ ते १९७४ या काळात प्रसिद्ध झाला. तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती!

भरतपूर : शिकारखान्याचं अभयारण्य

१९४७ नंतर चित्र बदललं. इंग्रज सभासद मायदेशी गेले, बीएनएचएस बंद पडायची वेळ आली. सलीम अलींनी पंतप्रधान नेहरूंना पत्र लिहून मदत मागितली, सरकारी पैसा मिळाला आणि संस्था तगली. संस्थानं विलीन झाली, त्यांची जंगलं जनतेच्या मालकीची झाली. म्हणजे आता खर्च राजाचा नाही, तुमच्या-आमच्या करातला.

आणि इथंच खरी अडचण सुरू झाली. राजाला शिकारीसाठी तळं हवं असायचं, म्हणून तो ते राखायचा. लोकांना भाकरी हवी असते. भरतपूरचं उदाहरण घ्या. तिथं सुमारे २९ चौरस किलोमीटरचा पाणथळ प्रदेश महाराजांनी बांध, कालवे आणि दरवाजे बांधून बदकांच्या शिकारीसाठी तयार केला होता. १९३८ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो आले तेव्हा एका दिवसात चार हजारांहून जास्त पक्षी मारले गेले. स्वातंत्र्यानंतर मागणी आली की हे पाणी काढून टाका आणि जमीन शेतीला द्या. मागणी चुकीची म्हणता येत नाही, देशात धान्य कमी होतं. पण पाणी गेलं असतं तर मध्य आशियातून आणि सैबेरियातून येणारे हजारो पक्षी कुठं उतरणार? सलीम अलींनी नेहरूंपर्यंत जाऊन ही जागा वाचवली. १९५६ मध्ये तिथं अभयारण्य झालं, तरी महाराजांचा शिकारीचा हक्क १९७२ पर्यंत चालूच होता. पुढे ते राष्ट्रीय उद्यान झालं आणि १९८५ मध्ये जागतिक वारसास्थळांच्या यादीत गेलं.

इतकी गोड गोष्ट इथंच संपवता आली असती. पण एक कडू भाग सांगितल्याशिवाय हिशेब पुरा होत नाही. आजूबाजूच्या गावांतल्या म्हशी पिढ्यान् पिढ्या त्या तळ्यात चरत होत्या. त्यामुळे पक्ष्यांना त्रास होतो, चराई थांबवा, असं सलीम अलींचं आणि इतर तज्ज्ञांचं मत होतं. १९८२ मध्ये बंदी आली, गावकरी चिडले, पोलिसांचा गोळीबार झाला आणि माणसं मेली. त्यानंतर बीएनएचएसनंच तिथं अनेक वर्षं अभ्यास केला. निष्कर्ष काय निघाला? म्हशी नाहीत म्हणून पाण्यात गवत बेसुमार वाढलं, उघडं पाणी कमी झालं आणि कित्येक पक्ष्यांची जागाच गेली. म्हणजे ज्या म्हशींना शत्रू समजलं त्या फुकटात तळं साफ ठेवत होत्या! आता तेच गवत काढायला पैसे लागतात.

मला हा भाग वाचून धक्का बसला. किहीममध्ये महिनोन् महिने बघून मगच निष्कर्ष काढणारा माणूस इथं आधी बंदी आणि मग अभ्यास या बाजूला कसा गेला? मोठी माणसंही चुकतात, एवढंच म्हणता येईल. पण त्यांच्याच संस्थेनं ती चूक मोजून, कागदावर मांडून जगापुढे ठेवली, हेही तितकंच महत्त्वाचं.

भरतपूरची गोष्ट इथंही संपली नाही. ते तळं माणसानं बांधलेलं, त्याला पाणी बाहेरून आणावं लागतं. २००० नंतरच्या दशकात वरच्या बाजूच्या पांचणा धरणात पाणी अडलं आणि भरतपूर कोरडं पडायला लागलं. २००२ नंतर तिथं सैबेरियन क्रौंच दिसला नाही. शेवटी गोवर्धन नाल्याचं पाणी पाइपलाइननं आणायची योजना करावी लागली. पंप, पाइप, वीज, देखभाल. आता सांगा, पक्ष्यांना पैसे कशाला लागतात?

पैसा कुणाचा?

पैसा कुठून येतो हाही प्रश्नच. अमेरिकेत यावर एक वेगळी युक्ती निघाली. १९३४ पासून बदकांच्या शिकाऱ्यांना एक खास तिकीट विकत घ्यावं लागतं आणि त्या पैशातून पाणथळ जागा राखल्या जातात. १९३७ च्या कायद्यानं बंदुका आणि काडतुसांवरचा कर वन्यजीवांच्या अधिवासासाठी राखून ठेवला. म्हणजे बंदूक घेणाराच जंगलाचा खर्च भरतो. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार जवळजवळ बंदच झाली, त्यामुळे हा मार्ग आपल्याला नाही. इथं खर्च सरकारी तिजोरीतून, पर्यटकांच्या पावतीतून किंवा देणग्यांतून चालवायचा.

देणगी घेतली तरी डोकेदुखी संपत नाही, हेही सलीम अलींनी अनुभवलं. १९५७ मध्ये कर्नाटकात क्यासनूरच्या जंगलात माकडताप पसरला. (हाच ताप पुढे आपल्या सिंधुदुर्गातही आला.) स्थलांतर करणारे पक्षी या रोगाच्या गोचिड्या बाहेरून आणतात का, हे पाहायला बीएनएचएसनं जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीनं पक्ष्यांच्या पायात कडी घालायचा प्रकल्प सुरू केला. हजारो पक्षी पकडले, कडी घातली, सोडले. कोणता पक्षी कुठून येतो आणि कुठं जातो हे त्यातून कळायला लागलं. पुढे याच कामाला अमेरिकन लष्कराशी संबंधित निधी मिळाला आणि सत्तरच्या दशकात संसदेपर्यंत प्रश्न गेले. परक्या लष्कराला आपल्या पाखरांत एवढा रस का? संशयाचं बोट त्यांच्याकडेही वळलं. आयुष्यभर देशातली पाखरं मोजणाऱ्या माणसाला हे किती लागलं असेल! पण प्रश्न विचारणारेही चूक नव्हते. सार्वजनिक कामासाठी घेतलेल्या पैशाचा हिशेब द्यावाच लागतो.

त्यांना साधी, निरपेक्ष मदत करणारेही भेटले. सिंगापूरचे सिनेमा व्यावसायिक लोक वान थो हे त्यांचे पक्षीवेडे मित्र. त्यांनी मोहिमांचा खर्च उचलला, संस्थेला सढळ हातानं दिलं. १९६४ मध्ये विमान अपघातात ते गेले.

आणि स्वतः सलीम अली? उतारवयात त्यांना जे. पॉल गेटी यांच्या नावाचा वन्यजीव संरक्षणाचा मोठा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. एकेकाळी भाडं परवडत नाही म्हणून किहीमला राहायला आलेला माणूस. त्यानं ते पैसे स्वतःसाठी ठेवले नाहीत. त्यातून बीएनएचएसमध्ये निसर्ग संरक्षणासाठी कायमचा निधी उभा केला. हॅट्स ऑफ!

१९५८ मध्ये पद्मभूषण, १९७६ मध्ये पद्मविभूषण, १९८५ मध्ये राज्यसभा असे मान मिळत गेले. केरळातलं सायलेंट व्हॅलीचं जंगल धरणाखाली जाऊ नये म्हणून त्यांनी ऐंशीच्या घरात असताना आवाज उठवला, धरण रद्द झालं. २० जून १९८७ रोजी वयाच्या नव्वदाव्या वर्षी मुंबईत त्यांचं निधन झालं. गोव्यात चोडण बेटावरच्या पक्षी अभयारण्याला आणि कोइमतूरच्या राष्ट्रीय पक्षी संशोधन केंद्राला त्यांचं नाव आहे.

आपल्या रायगडात

आता पुन्हा फणसाडच्या गेटवर येऊ या. मुरूड आणि रोहा तालुक्यांतलं हे जंगल जंजिऱ्याच्या नवाबाचं शिकारीचं रान होतं. अगदी भरतपूरसारखंच! १९८६ मध्ये, म्हणजे सलीम अली जाण्याच्या आदल्या वर्षी, ते अभयारण्य झालं. नवाब खर्च करायचा तो आता सरकार करतं. कशावर? वनरक्षकाचा पगार, वणवा पसरू नये म्हणून दरवर्षी काढायची जाळरेषा, उन्हाळ्यात आटणाऱ्या पाणवठ्यांची निगा (तिथं पाणवठ्याला गाण म्हणतात), वाढलेली रानमोडी उपटायची मजुरी, बिबट्यानं मारलेल्या जनावराची भरपाई. पक्षी फुकटचे असतील, पण त्यांचं घर फुकटात टिकत नाही. आमच्या मित्राच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे.

आणि यात आपणही येतो बरं का. कर्नाळ्याचं पक्षी अभयारण्य १९६८ मध्ये झालं, साडेचार चौरस किलोमीटरच्या आसपास होतं, २००३ मध्ये वाढवून बारा चौरस किलोमीटरवर नेलं. त्याच्या मधूनच मुंबई-गोवा महामार्ग जातो. रस्ता, धरण, वीजवाहिनी किंवा कारखान्यासाठी वनजमीन घेतली की प्रकल्पाला त्याबद्दल पैसे भरावे लागतात. २०१६ च्या कायद्यानुसार ते वनीकरणाच्या खास निधीत जमा होतात. म्हणजे आज जंगलाकडे येणारा मोठा पैसा जंगल तोडल्याच्या भरपाईतून येतो! आपल्यातले कितीतरी जण चार-पाच वर्षांत असल्या प्रकल्पांवर काम करत असतील. एस्टिमेटमध्ये तो एक कॉलम आपल्याच हातानं भरला जाईल. तेव्हा आकडा टाकून मोकळं व्हायचं, की त्या जागेवर आधी काय होतं ते बघायचं?

किहीममध्ये बघितलं आणि नाव झालं, भरतपूरमध्ये आधी बंदी घातली आणि चूक झाली. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या. पैसा हवाच, पण त्याच्या आधी मोजणी हवी, हे या माणसाचं आयुष्य वाचून मला पटलं.

आमच्या हॉस्टेलच्या मागच्या ताडावर दर पावसाळ्यात सुगरणीचे खोपे लटकतात. चार वर्षं त्याखालून मेसला जाताना कुणी मान वर करून बघत नाही. यंदा मी आणि रूममेटनं ठरवलंय, जूनपासून रोज सकाळी दहा मिनिटं बघायचं आणि वहीत लिहायचं. किती अर्धे, किती पुरे, किती सोडून दिलेले. खर्च, एक वही.

ज्याला यायचंय त्यानं यावं. प्रवेशशुल्क नाही!